स्लो, स्लो, क्विक-क्विक, स्लो

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१पासून, बीबीसीच्या रेडिओवर ‘बीबीसी डान्सिंग क्लब’ नावाचा कार्यक्रम लागत असे. व्हिक्टर सिल्व्हेस्टर नावाचे गृहस्थ त्यात नाच शिकवत. रेडिओवर काही दिसत नाही, तेव्हा ते पावलं सांगत, आणि तीही श्रुतलेखनाच्या वेगाने. ऐकणाऱ्याने वही-पेन्सिल घेऊन बसायचं. डावा पाय पुढे, स्लो. उजवा पाय पुढे, स्लो. डावा बाजूला, क्विक. उजवा जुळवा, क्विक. सगळं लिहून झालं की सिल्व्हेस्टरांचा वाद्यवृंद नेमक्या त्याच लयीत वाजू लागे आणि खिडक्यांना काळे पडदे लावलेल्या घरांतून लोक टेबल-खुर्च्या भिंतीला सारून वहीत बघत नाचायचे.

मी हिंदी चित्रपटसंगीताचा अभ्यासक. सी. रामचंद्रांच्या चालींमधला रंबा आणि सांबा नेमका कुठला, कोणाकडून आलेला, याचा माग काढता काढता मी लंडनच्या नृत्यशिक्षकांपाशी जाऊन पोहोचलो आणि मूळ विषय बाजूला ठेवून तिथेच रमलो. नाच हा बघून उचलायचा, गुरूसमोर उभं राहून घोटायचा, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलेलं आहे की नाचाचं श्रुतलेखन ही कल्पनाच मला आधी चमत्कारिक वाटली. पण बॉलरूम आणि लॅटिन या स्पर्धेतल्या नाचांचा सगळा इतिहास या वहीतच आहे, असं आता माझं मत झालं आहे.

क्रिकेटमध्ये किंवा कुस्तीत खेळाडू आधी आणि प्रशिक्षक नंतर. पैलवान म्हातारा झाला की वस्ताद होतो. बॉलरूमच्या जगात क्रम उलटा दिसतो. स्पर्धा शिक्षकांनी उभी केली, नियम शिक्षकांनी लिहिले, आणि विजेतेपद हे पुष्कळदा शिकवण्याचा परवाना म्हणून कामी आलं. याचं कारण पैशात आहे. बक्षिसाच्या रकमेवर कोणाचं घर चालत नव्हतं, पोट भरायचं ते शिकवण्यांवर. हौशी आणि व्यावसायिक यांतली रेषाही तिथेच होती. नाच शिकवून फी घेतली की तुम्ही व्यावसायिक झालात, मग हौशी गटाचं दार बंद.

या सगळ्याची सुरुवात १२ मे १९२० रोजी झाली. ‘डान्सिंग टाइम्स’ मासिकाचे संपादक फिलिप रिचर्डसन यांनी त्या दिवशी लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीजमध्ये नृत्यशिक्षकांची एक अनौपचारिक परिषद बोलावली. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. अमेरिकेहून जॅझ आला होता. हॅमरस्मिथ पॅले हे प्रचंड नाचघर आदल्याच वर्षी उघडलं होतं आणि तिथे तिकीट काढून कोणीही जाऊ शकत होतं. पूर्वी नाच ओळखीच्या घरांत, ओळखीच्या माणसांत व्हायचा. आता शेकडो अनोळखी जोड्या एकाच जमिनीवर फिरू लागल्या. कोणी मध्येच थबके, कोणी पाय उंच उडवी, कोणी जोडीदारणीला मागे झुकवी, आणि मागून येणारी जोडी येऊन आदळे. असली विचित्र पावलं हद्दपार करायची, असा ठराव परिषदेत झाला. तो वाचताना नृत्याच्या सौंदर्यशास्त्रापेक्षा वाहतूक पोलिसाची आठवण जास्त येते! १९२४ साली इम्पीरियल सोसायटी या शिक्षकसंस्थेने बॉलरूमची वेगळी शाखा काढली, १९२९च्या मोठ्या परिषदेनंतर एक अधिकृत मंडळ स्थापन झालं, आणि वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप, टँगो यांची पावलं, वळणं, लय ही सगळी ठरली.

अशा प्रमाणीकरणाबद्दल आपल्या मनात अढी असते. माझ्याही होती. पण त्याचा एक लाभ मान्य करायलाच हवा. लीड्सचा कारकून आणि लंडनच्या दुकानात काम करणारी मुलगी एकमेकांना कधी भेटलेली नसली, तरी शनिवारी संध्याकाळी पहिल्याच गाण्याला बरोबर नाचू शकत होती. दोघांनी वेगवेगळ्या शाळांत एकच धडा गिरवला होता. आपल्याकडे याच सुमारास मुंबईचे एक वकील, विष्णू नारायण भातखंडे, घराण्यांच्या बंदिशी कागदावर उतरवत होते आणि १९१६ साली बडोद्याला त्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली होती. दोन्हीकडे प्रेरणा वेगळ्या होत्या. पण गुरूच्या मर्जीबाहेर विद्या काढायची तर ती कागदावर यावी लागते, हे दोघांनाही कळलं होतं, आणि दोघांवरही आक्षेप एकच आला की कागदावर आलं ते कलेवर.

सिल्व्हेस्टर या घडामोडींत सापडले ते अपघाताने. १९०० साली वेम्ब्लीत जन्म, वडील पाद्री. शाळेतून पळून, वय चोरून, पंधरा वर्षं पुरी होण्याआधीच हा मुलगा सैन्यात भरती झाला. पुढे इटलीच्या आघाडीवर रुग्णवाहिका पथकात काम करताना त्याला तिथलं शौर्यपदकही मिळालं. युद्धानंतर सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात तो थोडेच दिवस टिकला. मग हॅरॉड्स या प्रसिद्ध दुकानात दुपारच्या चहाबरोबर जो नाच चाले, तिथे बेल हार्डिंग या शिक्षिकेने त्याला नोकरी दिली. एकट्या आलेल्या बायकांबरोबर पैसे घेऊन नाचायचं, हे त्याचं काम. रोज नव्या जोडीदारणीबरोबर, तिला येत असेल तेवढ्यात निभावून न्यायचं. शिकवण्याची याहून चांगली तालीम कुठे मिळणार? १९२२ साली फिलिस क्लार्कबरोबर तो बॉलरूमचा जागतिक विजेता झाला. तेव्हा वय बावीस.

सिल्व्हेस्टरांच्या कारकिर्दीतला स्पर्धेचा भाग एवढाच. १९२४च्या स्पर्धेत दुसरा क्रमांक आला आणि तो विषय संपला. त्याच वर्षी सोसायटीच्या नव्या बॉलरूम शाखेच्या संस्थापकांत ते होते, जोसेफिन ब्रॅडलींसारख्या शिक्षिकांच्या बरोबरीने. १९२७ साली त्यांचं ‘मॉडर्न बॉलरूम डान्सिंग’ हे पुस्तक आलं आणि पुढे कित्येक दशकं छापलं गेलं. लंडनमधल्या एका शाळेची पुढे वीसहून अधिक शाळांची साखळी झाली. पण त्यांचं खरं काम मला वाटतं ते वेगळंच आहे, आणि ते पावलांचं नाही.

पावलं ठरली, तरी संगीत ठरलेलं नव्हतं. रेकॉर्डवरचे बँड आपल्या मर्जीने लय वाढवत, गायकासाठी थांबत, शेवटी ओढून संपवत. वर्गात फॉक्सट्रॉट शिकवायचा तर शिक्षकाला धड रेकॉर्ड मिळेना. १९३५ साली सिल्व्हेस्टरांनी स्वतःचाच वाद्यवृंद उभा केला. गायक नाही, कोणाची एकट्याची करामत नाही, पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत मिनिटाला ठरावीक आवर्तनं. याला त्यांनी ‘स्ट्रिक्ट टेम्पो’ म्हटलं. जॅझच्या रसिकांनी नाकं मुरडली, आणि संगीत म्हणून ऐकायला बसलं तर ते बरोबरच होते. मी यातल्या बऱ्याच रेकॉर्ड ऐकल्या आहेत. तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर लोलकाच्या घड्याळाशेजारी बसल्यासारखं होतं. पण उभं राहून पाय टाकून पाहावेत. लगेच कळतं की हे संगीत ऐकणाऱ्यासाठी केलेलंच नाही. तबलजीने निव्वळ ठेका धरून ठेवावा आणि नाचणाऱ्याला मोकळं सोडावं, तसं ते आहे. या रेकॉर्डांच्या खपाचा साडेसात कोटींचा आकडा सांगितला जातो. रेडिओवरचा क्लब १९४८ साली टेलिव्हिजनवर गेला, १९५८ साली ‘डान्सिंग इज माय लाइफ’ हे आत्मचरित्र आलं, १९६१ साली सरकारी किताब मिळाला. १९७८ साली फ्रान्समध्ये सुट्टीवर असताना ते वारले. आयुष्याच्या अगदी अखेरीस त्यांनी सांगितलं होतं, की पोरवयात, सैन्यात असताना, पळून गेलेल्या सैनिकांना गोळ्या घालणाऱ्या तुकडीत आपल्याला उभं केलं होतं. नंतरच्या संशोधकांनी या हकिकतीवर शंका घेतली आहे. आत्मचरित्रात ती नाही.

बॉलरूमची घडी अशी बसली, पण लॅटिन नाचांची बसायला आणखी पंचवीस वर्षं गेली, आणि तिथे खरी भांडणं झाली.

‘लॅटिन’ हा शब्दच फसवा. स्पर्धेतल्या पाच लॅटिन नाचांपैकी रंबा आणि चा-चा-चा क्यूबाचे, सांबा ब्राझीलचा. पासो डोब्ले स्पॅनिश बैलझुंजीचा, पण त्याची घडण पॅरिसमध्ये झाल्याने पावलांची नावं बरीचशी फ्रेंच. आणि पाचवा जाइव्ह तर अमेरिकन सैनिकांबरोबर इंग्लंडात आलेला, लॅटिन अमेरिकेशी त्याचा संबंधच नाही. ज्याला बॉलरूम म्हणता येईना ते सगळं या टोपलीत टाकलं, एवढाच याचा अर्थ.

यात सगळ्यात जास्त वाद रंबावर झाला. १९३०च्या सुमारास ‘एल मनिसेरो’ हे शेंगदाणेवाल्याचं क्यूबन गाणं जगभर गाजलं आणि रंबाची लाट आली. इंग्रज शिक्षकांनी त्याला चौकोनी पाऊल दिलं. जमिनीवर चौकट काढल्यासारखं पुढे, बाजूला, जुळव. मागे, बाजूला, जुळव. पहिलं पाऊल पहिल्या मात्रेवर. शिकायला सोपं, शिकवायला त्याहून सोपं.

लंडनमध्ये ‘मस्यू पिएर’ या नावाने शिकवणारे पिएर झ्यूर्शे-मार्गोल यांना हे पटत नव्हतं. १९४७ साली ते क्यूबाला जाऊन आले. नंतरही गेले. हवानात त्यांनी पाहिलं ते असं, की चार मात्रांच्या आवर्तनात लोक पहिल्या मात्रेवर पाऊल टाकतच नाहीत. पाऊल पडतं दुसरीवर, तिसरीवर, चौथीवर. पहिलीवर पाय जागच्या जागी, हलते ती फक्त कंबर, टाकलेल्या पावलावर भार पुरता बसताना. आपल्या भाषेत सांगायचं, तर समेवर पाऊल नाही. सम शरीराने घ्यायची, पायाने नाही. ज्याने एकदा तरी तिहाई चुकून समेच्या अलीकडे संपवली आहे, त्याला यातली गंमत आणि अवघडपणा दोन्ही कळेल.

पिएर आणि त्यांची विद्यार्थिनी व पुढे सहशिक्षिका डॉरिस लॅव्हेल यांनी परत येऊन ही क्यूबन पद्धत शिकवायला सुरुवात केली आणि लंडनच्या शिक्षकांत उभी फूट पडली. वरवर पाहता वाद एका मात्रेचा. पण एका बाजूला शेकडो शाळा होत्या, ज्यांनी वर्षानुवर्षं चौकोन शिकवून परीक्षा घेतल्या होत्या, आणि दुसऱ्या बाजूला एक माणूस म्हणत होता की ज्यांचा नाच आहे ते असं नाचत नाहीत. १९५५च्या सुमारास क्यूबन पद्धतीला अधिकृत मान्यता मिळाली. चौकोनी रंबा अमेरिकन पद्धतीत मात्र अजून टिकून आहे. चा-चा-चाही याच सुमारास इंग्लंडात आला. एन्रिके होर्रिन यांची ‘ला एंगान्यादोरा’ ही रचना १९५३ साली क्यूबात रेकॉर्ड झाली. नाचणाऱ्यांच्या पायांच्या घासण्याचा जो आवाज, त्यावरून नाचाला नाव पडलं.

पिएर जिंकले हे चांगलंच झालं. पण त्या विजयाचा दुसरा भाग मला खटकत राहतो. त्यांनी हवानातला एका विशिष्ट काळातला, विशिष्ट जागांतला नाच पाहिला, तो तक्त्यांत उतरवला, आणि तो ‘खरा’ ठरला. शिवाय त्यांनी पाहिला तो नाच सोन आणि बोलेरोच्या घराण्यातला. क्यूबात ज्याला रंबा म्हणतात तो वेगळाच, गोदी आणि चाळींच्या अंगणांत आफ्रिकन वंशाच्या लोकांनी ढोल आणि पेट्यांवर घडवलेला. नावच मुळात चुकीच्या घरी पोहोचलं होतं. निकाल लावणाऱ्या मंडळात क्यूबाचं कोणी नव्हतं, आणि तसं कोणी असायला हवं असं कोणाला वाटलंही नाही.

वॉल्टर लेअर्ड येतात ते इथे. जन्म जुलै १९२०, म्हणजे ग्राफ्टन गॅलरीजमधल्या परिषदेनंतर दोन महिन्यांनी. ब्लॅकपूलच्या एम्प्रेस बॉलरूममधला जगप्रसिद्ध नृत्यमहोत्सवही त्याच वर्षी सुरू झाला. पण बॉलरूमच्या या पंढरीत लॅटिनला पहिली जागा मिळाली ती १९६१ साली, हौशी गटासाठी. व्यावसायिकांसाठी १९६२मध्ये. लेअर्ड तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते. १९६२, १९६३ आणि १९६४ अशी सलग तीन वर्षं लॉरेन रेनॉल्ड्सबरोबर ते व्यावसायिक लॅटिनचे जागतिक विजेते ठरले. ज्या वयात खेळाडू घरी बसतो त्या वयात हे झालं, याचं मला अप्रूप वाटतं. त्याहून जास्त वाटतं ते याचं, की त्यांचं पुस्तक या किताबांच्या आधी, १९६१ साली आलेलं होतं. ‘टेक्निक ऑफ लॅटिन डान्सिंग’. मास्तर आधी झाले, विजेते नंतर.

हे पुस्तक वाचायचं नाही, उघडून जमिनीवर ठेवायचं. तक्तेच तक्ते. पावलाचा क्रमांक, पाय कुठे, पायाचा कोणता भाग आधी टेकतो, वळण वर्तुळाच्या कितव्या हिश्शाचं, आणि मात्रा किती. पुरुषाचा तक्ता वेगळा, बाईचा वेगळा. सांब्यातली हिशेबाची रीत मला फार आवडते, कारण ती मराठी माणसाला समजवावी लागत नाही. पहिलं पाऊल पाऊण मात्रेचं, दुसरं पावकीचं, तिसरं पूर्ण एका मात्रेचं. चालण्याचेही प्रकार पाडलेले. एका चालीत पाय आधी पुढे जाऊन ठेपतो आणि शरीराचा भार त्यावर मागाहून, रेंगाळत येतो. प्रेक्षकाला ती मादक वाटते. लेअर्ड ती मादकता कशी होते ते सांगतात, गुडघा केव्हा वाकलेला आणि केव्हा ताठ, एवढ्याच भाषेत. भावनेचा शब्द जवळपास नाहीच. त्यांच्या आधी लॅटिनमध्ये ‘मला वाटतं असं’ आणि ‘मी हवानात पाहिलं असं’ यावर गाडा चालायचा. लेअर्डनंतर दोन शिक्षकांना भांडायचं झालं तरी ते एकाच तक्त्यावर बोट ठेवून भांडू लागले.

या भाषेचा परिणाम इंग्लंडबाहेर जास्त दिसला. नॉर्वेचे एस्पेन आणि किर्स्टन साल्बर्ग, फिनलंडचे युक्का हापालाइनेन आणि सिर्पा सूतारी हे लेअर्डांचे शिष्य. क्यूबाच्या उन्हाशी ज्यांचा काही संबंध नाही अशा देशांतून रंबाचे विजेते निघाले ते उगाच नाही. विद्या वंशात किंवा मातीत असते असं मानलं असतं, तर हेलसिंकीच्या मुलाने हात जोडून घरी बसायचं. स्कॉटलंडचे डॉनी बर्न्स आणि त्यांची जोडीदारीण गेनर फेअरवेदर हेही लेअर्डांच्याच तालमीतले. या जोडीने व्यावसायिक लॅटिनचं विजेतेपद चौदा वेळा मिळवलं.

या व्यवस्थेची काळी बाजूही आहे. पंच कोण? माजी विजेते. प्रशिक्षक कोण? तेच. उभरत्या जोडीने वर्षभर ज्यांना फी देऊन शिकवण्या घ्यायच्या, त्यांच्यातलेच काहीजण मैदानाच्या कडेला कागद घेऊन उभे. अंतिम फेरीत गुण देत नाहीत, प्रत्येक पंच जोड्यांना फक्त क्रमांक देतो आणि बहुमताने निकाल लागतो. एका नाचाला दीडेक मिनिट, जमिनीवर सहा जोड्या एकदम. एवढ्या वेळात पंच काय पाहणार? बरंचसं तो आधीच पाहून, किंबहुना शिकवून, आलेला असतो. आपल्याकडे संगीताच्या स्पर्धांत परीक्षकाच्याच वर्गातल्या मुलीचा पहिला नंबर येतो तेव्हा कुजबुज होते. तिथे ही गोष्ट रचनेतच बसलेली आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळाच्या संघटनेला १९९७ साली मान्यता दिली, पण नाच म्हणून ऑलिंपिकमध्ये प्रत्यक्ष आलं ते पॅरिसला २०२४ साली ब्रेकिंग, रस्त्यावरचा नाच. वॉल्ट्झ आणि रंबा अजून बाहेरच आहेत.

आणखी एक गोष्ट. या लेखातली पुस्तकं, वाद्यवृंद, शाळा यांना नावं बहुतेक पुरुषांची आहेत. फिलिस क्लार्क आणि लॉरेन रेनॉल्ड्स यांच्याशिवाय एकही किताब मिळाला नसता, पण इतिहासात त्या ‘बरोबर’ या शब्दयोगी अव्ययापुरत्या उरतात. मीही वर तसंच लिहिलं आहे. डॉरिस लॅव्हेल आणि जोसेफिन ब्रॅडली यांची नावं वेगळी दिसतात, कारण त्या शिकवत राहिल्या.

माझ्या मूळ शोधाचं काय झालं, तेही सांगून टाकतो. आपल्याकडे रंबा-सांबा आला तो लंडनच्या तक्त्यांतून नव्हे. तो मुंबईच्या हॉटेलांत वाजवणाऱ्या गोवेकर वादकांच्या हातांतून आला. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, हे ताजमध्ये वाजवत आणि सी. रामचंद्रांबरोबर काम करत. १९५१च्या ‘अलबेला’त त्यांचा बँड पडद्यावरच दिसतो. ताल आला, पावलं आलीच नाहीत. भगवानदादांनी त्या तालावर स्वतःचं काहीतरी केलं. खांदे सैल, पावलं छोटी, अंग झुलतं, आणि कोणालाही जमेल असं. लग्नाच्या वरातीत आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत ते आजही कोणी न शिकवता चालतं. त्याचा तक्ता लेअर्डांनी कसा मांडला असता, याचा विचार करत मी काही संध्याकाळी आनंदात घालवल्या आहेत. २००६ साली ‘झलक दिखला जा’ आलं, बीबीसीच्या ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’चा भारतीय अवतार, आणि त्यातून रंबा, चा-चा-चा ही नावं पुन्हा एकदा घराघरांत पोहोचली.

लेअर्ड ३० मे २००२ रोजी वारले. त्यांचं पुस्तक सुधारित आवृत्त्यांमधून अजून चालू आहे आणि शिक्षकांच्या परीक्षेला बसणारे आजही ते पाठ करतात. स्पर्धेतल्या रंबाची लय मिनिटाला २५ ते २७ आवर्तनं ठरलेली आहे. पिएरनी हवानात ऐकली त्यापेक्षा ती संथ आहे, कारण मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला पाय लांब टाकावे लागतात आणि लांब पायाला वेळ लागतो. २०१६ साली युनेस्कोने क्यूबाचा रंबा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातला. तो ढोलांचा आणि अंगणांचा रंबा. त्या नोंदीत आणि लेअर्डांच्या पुस्तकात नाव एकच आहे, पाऊल एकही सारखं नाही.